नाट्येतिहास आणि समीक्षेचे पेपर घेताय? सुरुवात कुठून करायची ते सांगते

जून-जुलै आला की मला मेसेज यायला लागतात, ताई अमुक प्रायव्हेट कॉलेजात थिएटरला अ‍ॅडमिशन घेतोय, प्रॅक्टिकलचं टेन्शन नाही पण तो इतिहास आणि समीक्षेचा पेपर कसा करायचा? मी नांदेडहून पुण्यात आले, एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत नाट्यशास्त्रात एमए केलं, आणि मला नेमके हेच दोन पेपर सगळ्यात जास्त आवडले, आजही त्यातच काम करतेय, म्हणून एकदाच नीट सगळं लिहून ठेवते.

आधी या विषयाची गंमत काय आहे ते समजून घ्या. चित्रकलेच्या इतिहासात चित्र समोर टांगलेलं असतं, साहित्याच्या इतिहासात पुस्तक हातात असतं. नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडला की संपला, दुसऱ्या दिवशीचा प्रयोग तो वेगळा. म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा ती गोष्टच शिल्लक नाहीये, उरलंय काय तर संहिता, हस्तपत्रकं, जाहिराती, फोटो, कुणाच्या तरी आठवणी, कधी सरकारी बंदीचा हुकूम. त्यावरून त्या रात्री रंगमंचावर आणि समोर खुर्च्यांत काय घडलं ते शोधायचं असतं. हे डोक्यात बसलं की सनावळ्यांची भीती आपोआप जाते.

अ‍ॅडमिशनच्या आधी

प्रायव्हेट म्हटलं की दोन प्रकार येतात. एक म्हणजे प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, जी स्वतःची डिग्री देते, आणि दुसरं एखाद्या विद्यापीठाशी संलग्न असलेलं खाजगी कॉलेज, तिथे डिग्री त्या विद्यापीठाची मिळते. तुमच्या सर्टिफिकेटवर नक्की कुणाचं नाव येणारे ते विचारा आणि ते नाव यूजीसीच्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, ऑफिसमधले हो म्हणाले म्हणून सोडून देऊ नका. पुढे नेट-सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षा, द्यायच्या असतील तर डिप्लोमा आणि डिग्री यातला फरक फार महागात पडतो.

मग सिलॅबस मागा. ब्रोशर नको, सिलॅबस. त्यात इतिहास आणि समीक्षेला किती क्रेडिट आहेत ते मोजा. हे विषय शिकवणारे सर किंवा मॅडम फुलटाइम आहेत की महिन्यातून दोनदा येणारे व्हिजिटिंग, हे थेट विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही, एवढी फी भरताय. प्रायव्हेट ठिकाणी अभिनयाचं वर्कशॉप घ्यायला मोठमोठी नावं येतात, ब्रोशरवर त्यांचेच फोटो असतात, पण दोन वर्षं दर आठवड्याला तुमचे निबंध वाचून लाल पेनाने खुणा करणारं माणूस आहे का, यावर तुमचं शिक्षण ठरणार असतं.

आणि लायब्ररी डोळ्यांनी बघा. माझ्या वेळी मला सांगितलं होतं की नाटकाचा वेगळा विभाग आहे. वर्ग सुरू झाल्यावर बघते तर एक अर्धं कपाट, त्याला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. पहिलं सेमिस्टर मी बाहेरच्या लायब्रऱ्यांवर काढलं. तेव्हा फार राग आला होता, फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं, म्हणून सांगते, कपाटासमोर उभं राहून पुस्तकं बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

फीचं विचारताना वर्षाची फी एवढंच विचारू नका. प्रॉडक्शनचा खर्च, कॉस्च्युम, स्टडी टूर, परीक्षा फी हे सगळं धरून एकूण किती ते लेखी घ्या, आणि महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) स्कॉलरशिप या कोर्सला लागू होते का तेही लेखीच घ्या.

पहिला महिना: ‘पहिलं’ या शब्दाशी भांडा

आमच्या पहिल्या ट्युटोरियलला मी लिहिलं होतं, विष्णुदास भावे यांचं ‘सीता स्वयंवर’ हे पहिलं मराठी नाटक, ५ नोव्हेंबर १८४३, सांगली. मॅडमनी खाली एवढंच लिहिलं, ‘कशातलं पहिलं?’ त्या दोन शब्दांनी मला आख्खा विषय शिकवला.

कारण बघा. तंजावरचे शहाजीराजे भोसले, १६८४ ते १७१२ त्यांचा काळ, त्यांच्या नावावर मराठी नाटकं आहेत, हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. म्हणजे भाव्यांच्या दीडशे वर्षं आधी. मग जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ घ्या, १८५५ साली लिहिलेलं, त्या वेळच्या समाजाबद्दल थेट बोलणारं, पूर्ण लिहिलेली संहिता असलेलं. पण दक्षिणा प्राइज कमिटीने, म्हणजे पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या तेव्हाच्या समितीने, ते नाकारलं आणि शंभरहून जास्त वर्षं ते छापलंच गेलं नाही. आणि भाव्यांच्या खेळात काय होतं? सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची, लिहून ठेवलेले संवाद नव्हतेच. म्हणजे नाटक म्हणजे लिहिलेली संहिता असं धरलं तर भावे यादीतूनच बाहेर जातात, आणि नाटक म्हणजे लोकांसमोर झालेला प्रयोग असं धरलं तर ‘तृतीय रत्न’ला जागा मिळत नाही. दशावतार, तमाशा, लळित यांना तर दोन्हीकडून दारात उभं केलं जातं.

५ नोव्हेंबर आपण रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो ते योग्यच आहे, भाव्यांनी नाटक मंडळी उभी केली, गावोगाव नेली, १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ केले, हे काम प्रचंड आहे. पण ‘पहिलं’ कुठलं म्हणायचं हे तुम्ही नाटक कशाला म्हणता त्यावर ठरतं, आणि तंजावर कुणी विसरलं, फुल्यांचं नाटक कुणी दाबलं, हासुद्धा नाट्येतिहासच आहे.

तर पहिल्या महिन्यात करायचं काम: एक मोठा कागद भिंतीला लावा, मधे आडवी रेघ, आणि स्वतःची कालरेषा बनवा. रेघेच्या वर नाटकं, खाली त्या वर्षी समाजात काय चाललं होतं ते. १८७६ ला नाट्यप्रयोगांवर बंदी घालता येईल असा इंग्रजांचा कायदा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’. १८९९ ला देवलांचं ‘शारदा’, म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीचं. १९१९ ला ‘एकच प्याला’, ते रंगमंचावर आलं तेव्हा त्याचे लेखक राम गणेश गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. १९३३ ला नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेचं ‘आंधळ्यांची शाळा’, स्त्रियांची कामं बायकांनीच केलेली. ही रेघ कुणाच्या नोट्समधून कॉपी करू नका, हाताने लिहिली की लक्षात राहते आणि वर-खाली बघता बघता तुमचे तुम्हालाच प्रश्न पडायला लागतात.

संहिता वाचताना प्रयोग शोधायचा कसा

एक उदाहरण सविस्तर घेते. खाडिलकरांचं ‘कीचकवध’, १९०७. नुसती संहिता वाचलीत तर महाभारतातली गोष्ट आहे, विराटाचा दरबार, द्रौपदीला त्रास देणारा कीचक, शांत राहा म्हणणारा युधिष्ठिर, चिडलेला भीम. वाचून तुम्ही लिहाल, पौराणिक नाटक, वीररस वगैरे. मग १९१० ला सरकारने त्यावर बंदी का घातली?

आता साक्षीदार शोधा. लंडनच्या टाइम्सचा व्हॅलेंटाइन चिरोल, हिंदुस्थानातल्या असंतोषावर त्याचं १९१० चं पुस्तक आहे, त्यात त्याने या नाटकाबद्दल लिहिलंय की नाव कुठेही घेतलेलं नसलं तरी थिएटरातल्या प्रत्येकाला कळतं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन. द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर मवाळ, भीम जहाल. चिरोल हा आपल्या बाजूचा माणूस नव्हता, टिळकांचा तर कट्टर विरोधक, पण नाटकाने प्रेक्षकांवर काय केलं याची उत्तम नोंद त्याच्याकडेच सापडते, कारण तो घाबरून बघत होता. नाट्येतिहासात हे सारखं होतं. कौतुक करणारा ‘प्रयोग रंगला’ एवढं लिहून थांबतो, विरोध करणारा मात्र काय खटकलं ते बारीकसारीक लिहून ठेवतो. म्हणून बंदी, सेन्सॉर, कोर्टकचेऱ्या यांचे कागद मिळाले की सोडू नका. तेंडुलकरांची ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’, दोन्हींचा अभ्यास वादाच्या कागदांशिवाय अपुराच राहतो.

कुठलंही जुनं नाटक घेतलं की वहीत स्वतःला विचारा: हे कुठे झालं, तिकीट कुणाला परवडत होतं, दिवे कसले होते, बायकांची कामं कोण करत होतं, गाणं आलं की नाटक थांबायचं का, वन्समोअर मिळाला की काय व्हायचं, प्रेक्षक घरी किती वाजता जायचे. सगळी उत्तरं मिळणार नाहीत, पण दोन जरी मिळाली तरी तुमचा निबंध वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो.

नाट्यशास्त्र दोरीने मोजून बघा

भरताचं नाट्यशास्त्र म्हटलं की पोरं घाबरतात, आठ रस, चार अभिनय, पाठ करा आणि उत्तर लिहा. असं करू नका. दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापं दिलीयेत, मधल्या आकाराचं आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ हात रुंद. हात म्हणजे साधारण दीड फूट. आम्ही चौघींनी सुतळी घेऊन ग्राउंडवर ते आखलं, ९६ फूट बाय ४८. त्यातला अर्धा भाग रंगमंच आणि नेपथ्यगृहाचा (म्हणजे मागची नटांची तयारीची खोली), अर्धा प्रेक्षकांचा. म्हणजे सगळ्यात मागे बसलेला माणूस रंगमंचाच्या कडेपासून ४८ फुटांवर. एक मैत्रीण कडेला उभी राहिली, मी मागच्या रेघेवर बसले, आणि तिने नुसती भुवई उचलली ती मला दिसली. भरत सांगतो की नाट्यगृह याहून मोठं केलं तर आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव पोचणार नाहीत. आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा), सात्त्विक (मनातल्या भावाचा) हे चार अभिनय मला त्या दिवशी कळले, त्याआधी फक्त पाठ होते. अ‍ॅरिस्टॉटलचंही तसंच, कथानक, पात्रं, विचार, भाषा, संगीत, दृश्य हे सहा घटक पाठ करण्याआधी विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेलं त्याचं काव्यशास्त्र वाचा आणि मग तुम्ही स्वतः पाहिलेल्या एका नाटकाला त्या सहा घटकांबद्दल प्रश्न विचारा.

नाटक बघा, त्याच रात्री लिहा

समीक्षेच्या पेपरसाठी याला दुसरा रस्ता नाही. आठवड्याला एक नाटक, पैसे नसतील तर पंधरवड्याला एक. पुण्यात असाल तर बालगंधर्वला किंवा यशवंतरावला व्यावसायिक नाटक बघा आणि त्याच महिन्यात सुदर्शनसारख्या छोट्या जागेत प्रायोगिक बघा, नट तुमच्यापासून हातभर अंतरावर श्वास घेतो तेव्हा अभिनयाबद्दलचे सगळे शब्द बदलतात. पुरुषोत्तम या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या भरत नाट्य मंदिरात होतात, तिथे एका दिवसात पाठोपाठ एकांकिका बघायला मिळतात, तुलना करायला याच्यासारखी जागा नाही. गावाकडे असाल तर राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र जवळपास कुठे आहे बघा, तिकीट अगदी स्वस्त असतं. विदर्भातल्यांनी तर दिवाळीनंतर झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, रात्रभर चालणारी नाटकं बघून त्यावरच असाइनमेंट करावी, वडसा हे सगळ्याचं केंद्र. गोव्यातल्यांकडे देवळाच्या जत्रेतली मराठी नाटकं आहेत आणि कोकणी तियात्र हा गाण्यांचा नाट्यप्रकार आहे, ज्याचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला. सिलॅबसमध्ये हे सगळं एखाद्या ओळीत उरकलेलं असतं, म्हणूनच तुमच्यासाठी तिथे काम शिल्लक आहे.

प्रयोग चालू असताना मोबाइल काढायचा नाही, मोठी वहीपण नको, खिशात मावेल अशी डायरी आणि पेन्सिल, अंधारात न बघता दोन-तीन शब्द खरडायचे. मध्यंतरात चहा घेताना लोक काय बोलतायत ते ऐका. आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी लिहा, सकाळपर्यंत निम्मं जातं, मत तेवढं उरतं आणि ज्यामुळे ते मत झालं ती गोष्ट विसरलेली असते.

लिहायचं कसं? माझ्या पहिल्या परीक्षणात एक वाक्य होतं, ‘नेपथ्य सुंदर असून आशयाला पूरक होते.’ हे कुठल्याही नाटकाबद्दल लिहिता येतं, म्हणजे ते कुठल्याच नाटकाबद्दल नाहीये. मॅडम म्हणाल्या, काय दिसलं ते सांग. मग मी परत लिहिलं: पहिल्या अंकात आजोबांची खुर्ची दाराकडे तोंड करून आहे, मुलगा परदेशातून येईल म्हणून. दुसऱ्या अंकात सून झाडता झाडता ती खिडकीकडे फिरवते, कुणी काही बोलत नाही, आणि तिथून पुढे आजोबा दाराकडे एकदाही बघत नाहीत. बस, एवढं लिहिल्यावर ‘पूरक’ म्हणायची गरजच उरली नाही.

हाच नियम मोठ्या नाटकांना लावा. ‘घाशीराम’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात आलं, त्याबद्दल लोककलांचा वापर, राजकीय आशय असं सगळेच लिहितात. तुम्ही तो बारा ब्राह्मणांचा पडदा बघा, रांगेत उभी असलेली माणसं हलतात, गातात, पाठ फिरवतात, आणि पाठ फिरवली की मागे जे चाललंय ते झाकलं जातं. हरिनाम चालूच राहतं. झाकणारे कोण आहेत आणि काय झाकलं जातंय, यातच आख्खं नाटक आहे, आणि हे वाचून फारसं कळत नाही, रेकॉर्डिंग बघूनसुद्धा थोडं कमीच कळतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. वर्गातल्या मित्राच्या नाटकावर लिहायची वेळ येईल तेव्हा गोड गोड लिहू नका आणि हिशोबही चुकते करू नका. आधी त्याला काय करायचं होतं ते लिहा, मग रंगमंचावर काय झालं ते, मग तुमचं मत. या क्रमाने लिहिलं की समोरचा दुखावला तरी वाचतो, आणि माझा अनुभव असा की पुढच्या तालमीला तोच बोलावतो.

लायब्रऱ्या आणि माणसं

कॉलेजची लायब्ररी कमी पडणारच. पुण्यात भरत नाट्य संशोधन मंदिर, १८९४ पासूनची संस्था, नावातच संशोधन आहे. मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स). जाताना कॉलेजचं पत्र न्या, त्याशिवाय बरेचदा आत बसू देत नाहीत. जुने केसरी किंवा मासिकं बघताना फक्त परीक्षण वाचू नका, नाटकाची जाहिरात बघा, त्यात वेळ, दर, बायकांसाठी वेगळी बसायची सोय, कोण नट हे सगळं असतं. प्रत्येक नोंदीला अंकाची तारीख आणि पान नंबर त्याच क्षणी लिहा, नंतर शोधताना रडू येतं.

इतिहास लिहिताना एक ग्रंथ घेऊन बसायचं नाही. आप्पाजी विष्णु कुलकर्णींचा ‘मराठी रंगभूमि’ १९०३ चा आहे, बनहट्टींचा इतिहास १९५७ चा, मकरंद साठ्यांच्या ‘मराठी रंगभूमीच्या तीस रात्री’ २०११ च्या. एकच प्रसंग तिघांत वाचा आणि कुणी काय गाळलं ते लिहा, तुमचा अर्धा सेमिनार पेपर तयार. आणि जे तिन्हीत कमी सापडतं ते गावात शोधा. नांदेडच्या दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’ मी नांदेडात वाढूनही पुण्याला येऊन पहिल्यांदा वाचलं, आणि मग सुट्टीत घरी गेल्यावर माझ्या ओळखीतले कोणकोण त्या काळात नाटकात होते ते विचारत फिरले. रंगभूषा करणारे, लाइटवाले, पेटीवाले, प्रॉम्पटर, यांच्याकडे जी माहिती असते ती पुस्तकात येत नाही. रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या, आणि काका, तुमच्या आठवणी सांगा असं मोघम विचारू नका, एखादी वस्तू किंवा एखादी रात्र विचारा. तुमच्या पेटीत काय काय असायचं? असं विचारलं की माणूस तासभर बोलतो.

भाषा, परीक्षा आणि पुढचं

प्रायव्हेट कॉलेजात लेक्चर बऱ्याचदा इंग्रजीत असतं आणि मराठी माध्यमाची मुलं गप्प बसतात. पेपर कुठल्या भाषेत लिहिता येतो ते पहिल्याच आठवड्यात विचारा. इंग्रजीत लिहायचं असलं तरी परीक्षण आधी मराठीत लिहा, कारण बघितलेलं तुमच्या भाषेतच नीट आठवतं, मग इंग्रजी करा. परीक्षेत उत्तराची सुरुवात व्याख्येने न करता एखाद्या प्रयोगाने करा. मागच्या तीन वर्षांचे पेपर मिळवून सोडवा, यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

पुढे शिकवायचं असेल तर यूजीसी नेटमध्ये विषय क्रमांक ६५ आहे, डान्स, ड्रामा, थिएटर एकत्र, म्हणजे नृत्याचंही थोडं वाचावं लागतं. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेतं. याशिवाय अर्काइव्ह, डॉक्युमेंटेशन, नाटकावर लिहिणं, नाट्यसंस्थांमध्ये संशोधन सहायक अशी कामं आहेत, पैसे सुरुवातीला कमी मिळतात, आधीच माहीत असलेलं बरं.

कोर्स सुरू व्हायला अजून महिना असेल तर एक बॉक्स फाइल आणून ठेवा. बघितलेल्या प्रत्येक नाटकाचं तिकीट आणि हस्तपत्रक त्यात टाकायचं, मागे पेन्सिलने तारीख, सीट नंबर, आणि त्या दिवशी कुणाच्या ऐवजी कोण उभं राहिलं असेल तर त्याचं नाव. हस्तपत्रकावर बदली नटाचं नाव छापलेलं नसतं.